लहान मुलाच्या 'असेंट'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली: मंडळी, एका शब्दापाशी घोडं अडलंय. पुण्यातल्या एका संस्थेसाठी संशोधनाच्या कागदपत्रांचं मराठी करते आहे. निरोगी शाळकरी मुलांना ब्राह्मीच्या गोळ्या देऊन बुद्धी वाढते का, हे त्यांना बघायचंय. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या. आईवडिलांचं संमतीपत्र झालं. पण आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाकडून तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाकडून लेखी 'असेंट', म्हणजे त्याचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. जुन्या मसुद्यात त्याला 'अनुमती' म्हटलंय. मला ते खटकतं. अनुमती वरचा खालच्याला देतो. पाचवीतला पोरगा डॉक्टरांना अनुमती देतोय असं वाचून हसू येतं.

बोरू: 'सहमती' नको, ती राजकीय पक्षांत होते. 'रुकार' कसा वाटतो? छान जुना शब्द आहे.

भाषांतरवाली: शब्द गोड आहे, पण आमच्या मजल्यावरच्या अकरा वर्षांच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "रुकार म्हणजे नकारचा भाऊ का?"

पेठेतला: मग साधं 'माझी हरकत नाही' लिहा की. आख्खं पुणं त्यावर चालतं. सोसायटीत, बँकेत, लग्नाच्या बोलणीत सगळीकडे.

डॉक्टरीण: तेवढं मात्र लिहू नका हो. हरकत न घेणं म्हणजे होकार नव्हे, हे अमेरिकेच्या नियमांत तर स्पष्टच लिहिलेलं आहे. मोठ्यांसमोर मूल गप्प बसतं, तेच आपण हरकत नाही म्हणून धरतो. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम घालून देणाऱ्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेतलं पहिलंच कलम ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या स्वेच्छेच्या संमतीचं आहे आणि नववं प्रयोग मधेच थांबवायच्या त्याच्या मोकळिकीचं.

आणि इथे मुलं आजारी नाहीत. औषधाचा धोका आपण आजाराशी तोलतो. ठणठणीत मुलाच्या बाबतीत त्या पारड्यात टाकायला फक्त आईबापांची हौस उरते. दर पुष्य नक्षत्राला दवाखान्याबाहेर सुवर्णप्राशनाची, म्हणजे मुलांना सोन्याच्या भस्माचे थेंब पाजायची रांग बघते ना मी. मुलाचं नाक दाबून थेंब घालतात, आणि त्याला कुणी प्रयोगही म्हणत नाही.

बोरू: 'प्रयोग' हाच मुळात गमतीचा शब्द आहे. चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या रसायनांचा श्लोक आहे, त्यात मंडूकपर्णीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क 'प्रयोज्य' म्हटलाय. म्हणजे वापरावा, द्यावा. तिथे निकाल आधीच माहीत आहे. आपण शाळेत शिकलो तो प्रयोग निकाल माहीत नसताना करायचा. 'ब्राह्मीचा प्रयोग' म्हटलं की वाचणाऱ्या आईला पहिला अर्थ लागतो, संशोधकाला दुसरा अभिप्रेत असतो. तिची सही नेमकी कुठल्या अर्थावर झाली?

शिवाय ते 'मुलांवर प्रयोग' मधलं 'वर' काढा. ओझं टाकल्यासारखं वाटतं.

पेठेतला: प्रेमही मुलांवरच करतात, साहेब. संस्कारही.

बोरू: तेही बऱ्याचदा न विचारताच. पण नाटकाचा प्रयोग बघा. तिकीट आपण काढतो, आवडलं नाही तर बालगंधर्वच्या मध्यंतरात वडा खाऊन घरी जातो. मुलाला एवढी तरी सूट हवी.

डॉक्टरीण: वडा राहू दे, पण 'न विचारता' वरून एक सांगते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये फर्नाल्ड नावाची शाळा होती, मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांची. त्यातली कितीतरी मुलं तशी नव्हतीच, नुसती नकोशी झालेली होती. १९४६ ते १९५३ या काळात एमआयटीच्या संशोधकांनी तिथल्या मुलांना नाश्त्यातून किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम दिलं, शरीर ते कसं शोषतं हे पाहायला. पोरांना सांगितलं, तुम्ही 'सायन्स क्लब'चे सदस्य. बेसबॉलचे सामने दाखवायला नेलं. पालकांना पत्र गेलं होतं, पण त्यात किरणोत्साराचा उल्लेखच नव्हता. कागदाला नाव काय द्यायचं हा प्रश्न खरा, पण आत काय लिहिलंय तेही बघा.

भाषांतरवाली: आत असं आहे: 'या अभ्यासात तुझी बुद्धी वाढवण्यासाठी गोळ्या दिल्या जातील.' काल तेच मजल्यावरच्या मुलाला वाचून दाखवलं. पेन्सिल चावत ऐकत होता. मग विचारलं, "म्हणजे आत्ता मी ढ आहे का?" मला पटकन उत्तर सुचेना.

पेठेतला: ढ वरून आठवलं. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत या अक्षराचं वळण बदललंच नाही, दोन हजार वर्षं एकाच इयत्तेत, म्हणून मठ्ठाला ढ म्हणतात असं आमचे मास्तर सांगायचे. तुमच्या गोळ्याही ब्राह्मीच्याच!

बोरू: ती व्युत्पत्ती मागाहून जुळवलेली वाटते, पण अक्षराचं खरं आहे. पोराचा प्रश्न मात्र चोख. 'वाढवणे' म्हटलं की आत्ता कमी आहे असं ध्वनित होतंच. शिवाय ती वाढेल हे गृहीतही धरलं. 'या गोळ्यांनी लक्षात ठेवायला मदत होते की नाही, हे आम्हाला अजून माहीत नाही' असं लिहा.

डॉक्टरीण: आणि लगेच खाली, 'तुला कदाचित रिकाम्या गोळ्या मिळतील.' दुसऱ्या पानावर ढकलू नका.

भाषांतरवाली: तसंच केलं. मथळा 'माझा होकार किंवा नकार'. खाली दोन चौकोन, 'मला भाग घ्यायचा आहे' आणि 'मला भाग घ्यायचा नाही'. 'अनुमती' उडवली. संस्थेचं म्हणणं, नकाराचा चौकोन छापला तर मुलं कमी मिळतील. त्यावर आमचं अजून चालू आहे.

आज नवा मसुदा त्याच मुलाला दिला. दोनदा वाचला, नकारावर खूण केली. कारण विचारलं तर म्हणाला, तपासणी शनिवारी सकाळी आहे आणि तेव्हा क्रिकेट असतं. त्याची आई शेजारीच होती. नमुन्यादाखल दिलेल्या संमतीपत्रावर तिने तोवर सही करूनही टाकली होती.

पेठेतला: मग पुढे?

भाषांतरवाली: आई म्हणाली, "अरे, रविवारी ठेवायला सांगू आपण." तो म्हणाला, "रविवारी पण असतं."