जंगलवाटांवर शिल्पं आणि बसायच्या जागा: हव्यात की नकोत?

पायवाट

हल्ली जंगलातल्या चालण्याच्या वाटांवर शिल्पं उभी राहताहेत, लाकडी निवारे आणि गोल बैठका होताहेत. काही जण म्हणतात जंगल आहे तसं राहू द्या, काही जण म्हणतात माणसं आली तरच जंगलासाठी कोणी भांडेल. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण तीन अटींवर.

पहिली अट सामानाची. इंग्लंडमधल्या ग्राइझडेलच्या जंगलात १९७७ पासून कलाकार मुक्काम करून तिथल्याच लाकूड-दगडातून काम करत आले. अँडी गोल्ड्सवर्दी यांनी १९९० मध्ये तिथे एक दगडी भिंत रचली. झाड आलं की ती त्याला वळसा घालते, पुढच्या झाडाला उलट्या बाजूने. दगडांत सिमेंट-चुना काही नाही. इटलीतल्या आर्ते सेल्ला इथलं काम मला याहूनही मोठं वाटतं. जुलियानो माउरी यांनी २००१ मध्ये फांद्या विणून मोठमोठ्या खांबांच्या रांगा उभ्या केल्या आणि प्रत्येक खांबाच्या पोटात हॉर्नबीमचं एक रोप लावलं. खांब कुजत जाणार, रोपं वाढत जाणार, आणि शेवटी त्या जागी झाडांचाच मंडप राहणार. हे कळल्यापासून मला पत्र्याचे रंगीत प्राणी बघवत नाहीत.

दुसरी अट जागेची: माणसं आधीच जिथे थांबतात तिथेच, आत खोलवर काही नको. तिसरी मुदतीची: ते कधी उतरवायचं हे उभारण्याआधीच ठरलेलं असावं.

तुमचं मत लिहा. विरोध असेल तर जरूर लिहा.

रानभूल

मी विरोधात आहे. तुम्ही उत्तमातली उत्तम उदाहरणं घेतलीत, एक दुसरंही घ्या. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिज गावाजवळ २०१८ मध्ये थॉमस डाम्बो यांनी जुन्या लाकडाचा एक अवाढव्य राक्षस पायवाटेवर बसवला. तुमची पहिली अट तिथे पुरती पाळली होती. बघ्यांची इतकी रीघ लागली की शेजारच्या वस्तीला राहणं नकोसं झालं आणि त्याच वर्षी तो काढावा लागला.

आता मातीचं बघा. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीत असतात. रोज माणसं फोटोसाठी त्याच चार फुटांत उभी राहिली की माती घट्ट होते, हवा आणि पाणी आत उतरत नाही. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी शेंडा वाळायला लागतो, आणि तोवर त्याचा संबंध शिल्पाशी कोणी जोडत नाही.

आणि एक डोळ्यांनी पाहिलेलं. माझ्या नेहमीच्या वाटेवर कुणीतरी पत्र्याचं पाखरू झाडाला तारेने बांधलं होतं. नंतर कधीतरी लक्ष गेलं तेव्हा तार सालीत रुतली होती, वर खोड फुगलेलं, खाली बारीक. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतूनच मुळांकडे जातं, म्हणजे तो चक्क गळफास होता. मी पक्कड घेऊन गेलो. निम्मी तार निघाली, निम्मी आतच राहिली. ते झाड आजही तसंच उभं आहे आणि त्याच्यापाशी आलो की माझा जीव कासावीस होतो.

पायवाट

तारेबद्दल शंभर टक्के सहमत. झाडाला खिळा नाही, तार नाही, हे अटींत वरच लिहायला हवं होतं, राहून गेलं. पण ब्रेकनरिजचा राक्षस २०१९ मध्ये त्याच गावात दुसऱ्या जागी पुन्हा बसवला. चूक जागेची होती.

रानभूल

ती चूक कळायला आधी एका पायवाटेची वाट लागावी लागली. माझा आक्षेप नेमका तोच आहे.

ओंडका

शिल्पांचं मला फारसं कळत नाही, बसायच्या जागांविषयी लिहिते. माझ्या आईला जंगलात चालायला मनापासून आवडतं. वीसेक मिनिटं चालली की तिला टेकायला लागतं. पुढे बसायला काही नाही असं कळलं की ती घरातून निघतच नाही, "तुम्ही जा" म्हणते. 'जंगल आहे तसं राहू द्या' म्हणताना आपण कोणाला बाहेर ठेवतोय याचाही विचार व्हावा.

फिनलंडमध्ये जंगलवाटांवर एका बाजूने उघडे लाकडी निवारे असतात, समोर शेकोटीची ठरलेली जागा. माणसं तिथेच बसतात, तिथेच चूल पेटवतात, म्हणून बाकीच्या जंगलात जागोजागी राख दिसत नाही. बैठक नीट दिली की पसारा आवरतो, असं माझं मत आहे.

आणि एस्टोनियातलं 'रूप' (Ruup) नावाचं काम ऐकलंय का? २०१५ मध्ये कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जंगलात तीन प्रचंड लाकडी कर्णे ठेवले. माणूस आत पाय पसरून बसू शकतो, रात्री झोपूही शकतो. तिन्हींच्या मधोमध बसलं की पानांची सळसळ, पाखरं, सगळं तिन्ही बाजूंनी एकत्र येऊन कानावर पडतं. बाकही आहे आणि शिल्पही. मुख्य म्हणजे तिथे गेल्यावर माणसं आपोआप गप्प होतात.

झाडोरा

देखभालीचं कोणीच बोललं नाही. उभारायला पैसे मिळतात, दरवर्षी फळ्या तपासायला मिळत नाहीत. कुजलेल्या पायरीवरून कोणी पडलं की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे वाटच बंद करणं.

नीट निरोप कसा द्यावा याचं उदाहरण इंग्लंडमधल्याच फॉरेस्ट ऑफ डीनचं. तिथे माग्दालेना येटेलोव्हा यांची एक महाकाय लाकडी खुर्ची १९८६ पासून टेकाडावर होती. लाकूड खचलं तेव्हा २०१५ मध्ये ती उतरवली आणि तिचा कोळसा केला. त्या जंगलात कोळसा पाडण्याचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला होता, म्हणून तो शेवट तिथे शोभला. पायवाट यांच्या तिसऱ्या अटीला माझा पाठिंबा.

रानभूल

तिसरी अट कागदावर छान आहे, पण लोक ती पाळू देतात का? स्पेनच्या बास्क भागात ओमाच्या जंगलात अगुस्तिन इबारोला यांनी १९८० च्या दशकात पाइनच्या खोडांवर रंगीत आकार रंगवले. ठरावीक जागी उभं राहिलं की वेगवेगळ्या खोडांवरचे तुकडे जुळून एक चित्र दिसतं. पुढे त्या पाइनना बुरशीचा रोग लागला. झाडं गेली तेव्हा कलाकृतीलाही जाऊ द्यायला हवं होतं. तसं झालं नाही. जवळच दुसरी झाडं निवडून तीच चित्रं पुन्हा रंगवली आणि २०२३ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. लोकांचा जीव जडला की मुदतीला कोण विचारतं? मग झाडांकडे कॅनव्हास म्हणून बघितलं जातं.

पायवाट

याला माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. ओमाचं मी आजवर कौतुकच करत आलो, या बाजूने पाहिलं नव्हतं. कदाचित मुदतीपेक्षा सामानच असं निवडावं की ते टिकवायचं म्हटलं तरी टिकू नये. माउरींच्या खांबांचं तेच आहे. विचार करून पुन्हा लिहितो.

ओंडका यांच्या आईंबद्दल मात्र रानभूल यांनी काहीच लिहिलं नाही.

रानभूल

खरंय, राहिलं. बाकाला माझा विरोध नाही. वाटेच्या कडेला वादळात आडवं झालेलं खोड असतंच. त्याची वाटेकडची हातभर बाजू तासून सपाट करावी, उरलेलं तसंच पडू द्यावं. त्यात भुंगेऱ्यांच्या अळ्या वाढतात, बुरशी धरते, ते जंगलाचंच काम आहे. रंग नको, पाटी नको.

ओंडका

चालेल, पण नुसत्या खोडावरून तिला उठता येत नाही. खोड बुटकं असतं आणि हाताला धरायला काही नसतं. एक फांदी तेवढी कापू नका, मनगटाएवढी जाड, बसल्यावर उजव्या हाताला येईल अशी. डाव्या गुडघ्यावर ती भार देत नाही.

रानभूल

फांदी ठेवू. उंचीचं काय करायचं ते सांगा, किती हवी?