ग्राफ्ट, स्कॅफोल्ड, डीसेल्युलराईज्ड: मराठीत काय म्हणायचं?

रुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. प्राण्यांच्या ऊती आणि माणसाच्या पेशी वापरून रक्तवाहिन्या कशा तयार करतात, असा विषय आहे. डीसेल्युलराईज्डसाठी 'निष्पेशीकृत' लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं, तर तिला काही म्हणजे काही कळलं नाही. रोहिणी-नीला तरी शाळेच्या पुस्तकातले आठवतात, पण हे? सुचवा प्लीज.

प्रतिसाद १
ग्राफ्टला सरळ कलम म्हणा की. 'रोपण' ही क्रिया झाली, ग्राफ्ट ही तर वस्तू आहे, जोडायचा तुकडा. आणि गंमत बघा, कलम हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ लेखणी, आणि इंग्रजी ग्राफ्टचं मूळही ग्रीकमधल्या लेखणीच्याच शब्दात आहे, कारण तासलेली काडी बोरूसारखी दिसते! शिवाय गावठी आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात ना, तसंच इथे सांगाडा प्राण्याचा आणि पेशी माणसाच्या.

प्रतिसाद २
कलम चांगलंय, पण पेशंटला कायद्याचं कलम आठवेल :) 'रक्तवाहिनीचं कलम' असं पूर्ण लिहा म्हणजे झालं.

स्कॅफोल्डला, म्हणजे पेशी ज्या आधारावर वाढवतात त्याला, मात्र एकच शब्द नको, कारण गोष्टी दोन आहेत. पहिल्या पद्धतीत डुकराची नाहीतर गाईची धमनी घेऊन साबणासारख्या द्रावणाने तिच्यातल्या पेशी धुऊन काढतात, कारण शरीर मुख्यतः परक्या पेशींवरच तुटून पडतं, मग मागे कोलॅजनची, म्हणजे ऊतींना बळकटी देणाऱ्या प्रथिनाची, नळी उरते आणि तिच्यात माणसाच्या पेशी वाढवतात. ती नळी शरीरातच राहते, म्हणून तिला 'जाळी' म्हणा. लहानपणी वहीत पिंपळाचं पान ठेवायचो, हिरवं सगळं जाऊन शिरांची जाळी उरायची, अगदी तेच. २०१७ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या शास्त्रज्ञांनी खरंच पालकाच्या पानातल्या पेशी धुऊन काढल्या आणि त्यावर माणसाच्या हृदयाच्या पेशी वाढवल्या, त्या धडधडल्यासुद्धा.

दुसरी पद्धत उलटी. विरघळणाऱ्या धाग्यांच्या नळीवर माणसाच्या स्नायूपेशी वाढवतात, त्या स्वतःभोवती कोलॅजन विणतात, धागे विरघळून जातात, आणि शेवटी त्या पेशीही धुऊन टाकतात. ह्युमासाइट कंपनीची अशी नळी, सिमव्हेस, डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हातापायाच्या धमनीला मोठी इजा झालेल्यांसाठी मंजूर झाली. इथल्या धाग्यांना 'परांची' म्हणा. भिंत उभी राहिली की परांची जातेच.

धागाकर्ती
पिंपळाचं पान! आईला लगेच सांगितलं आणि एका वाक्यात कळलं तिला. मग 'पेशी धुऊन काढलेली धमनी' असंच लिहिते, लांब झालं तरी चालेल.

प्रतिसाद १
आणि 'प्राणिजन्य' एवढंच लिहून थांबू नका, कुठला प्राणी तेही स्पष्ट लिहा. गाईच्या मानेतल्या धमनीपासून केलेलं कलम अमेरिकेत डायलिसिससाठी बरीच वर्षं वापरतात, आपल्याकडे कितीतरी घरांत हे आधी कळायला हवं असतं, संमतीपत्रावर सही करायच्या आधी.

धागाकर्ती
हो, ते पहिल्याच परिच्छेदात घेते.