बंगळुरूत अकरा वर्षे राहून कन्नड येत नसेल, तर डोंबिवलीत मराठीचा आग्रह धरावा का?

मुक्काम बेळंदूर यांचा प्रश्न

मी मूळचा डोंबिवलीचा असून २०१४ पासून नोकरीनिमित्त बंगळुरूत राहतो. गेल्या महिन्यात घडलेल्या एका प्रसंगावरून पडलेला प्रश्न इथे सविस्तर मांडत आहे, कारण ओळखीच्या मंडळींपुढे तो काढला की पाचव्या मिनिटाला कोण कोणत्या पक्षाचा यावर गाडी जाते.

वडिलांच्या मुदत ठेवीवर वारसाचे नाव लावायचे होते, म्हणून त्यांना घेऊन डोंबिवलीतल्या एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. वडील ७६ वर्षांचे आहेत. खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंना त्यांनी मराठीत दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा "हिंदी में बोलिए" एवढेच उत्तर आले. मी चिडून, महाराष्ट्रात नोकरी करायची तर मराठी शिकायला नको का, असे जरा मोठ्यानेच विचारले. आपण दीड वर्षापूर्वी बदली होऊन आलो, असे त्या म्हणाल्या. बाहेर आल्यावर वडील "बरं बोललास" म्हणाले आणि मलाही तसेच वाटत होते.

त्याच संध्याकाळच्या बसने मी परत निघालो. सकाळी तुमकूरच्या अलीकडे बसचा क्लीनर एकेकाला उतरण्याचे ठिकाण विचारत माझ्यापर्यंत आला. "एल्लि इळीतीरा?" या दोन शब्दांचा अर्थ मला कळलाही होता, तरी सवयीने तोंडून निघाले, "हिंदी में बोलो." 'बोलिए'सुद्धा नाही. त्या बाईंना येऊन दीड वर्ष झाले होते, मला अकरा.

कन्नड न येण्याची कारणे माझ्याकडे तयार आहेत. कार्यालयात इंग्रजी चालते, आमच्या इमारतीचा पहारेकरी आसामचा आहे, स्वयंपाकाच्या मावशी बंगालच्या आहेत, शेजारी एकीकडे तेलुगू आणि दुसरीकडे मल्याळी कुटुंब आहे, आणि या सगळ्यांना जोडणारी कामचलाऊ हिंदी आहे. शिकण्याची वेळच आली नाही, असे मी म्हणू शकतो. पण डोंबिवलीतल्या त्या बाईही नेमके हेच म्हणू शकतील. गंमत अशी की पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणणारा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय आणि जूनमधला त्याचा सुधारित अवतार, हे दोन्ही २९ जूनला मागे घेतले गेले, तेव्हा बंगळुरूतल्या आमच्या मराठी गटात पेढे वाटण्यापर्यंत मजल गेली होती. त्या गटातल्या चाळीस जणांपैकी कन्नड वाचता येणारे दोघे आहेत.

माझा प्रश्न असा, की स्वतःच्या राज्यात भाषेचा आग्रह धरणे आणि दुसऱ्याच्या राज्यात तिच्यावाचून निभावून नेणे, या दोहोंत काही तत्त्वाचा फरक आहे, की मी केवळ सोयीचे तेवढे पाहतो आहे?

जुने पासबुक यांचा प्रतिसाद

आपली खंत प्रामाणिक आहे, परंतु तुलना जराशी चुकली आहे असे माझे मत आहे. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत तेहतीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालो, तेव्हा खिडकीच्या आतली बाजू सांगतो.

सरकारी बँकांत लिपिकाची भरती राज्यवार होते आणि त्या राज्याची भाषा उमेदवाराला यावी लागते. अधिकाऱ्याची भरती देशपातळीवर होते, त्याला दर तीन-चार वर्षांनी कुठेही पाठवले जाते आणि जिथे पाठवतात तिथली भाषा यावी अशी अट नसते. पूर्वी हे निभत असे, कारण गिऱ्हाइकाशी बोलायला पुढे चार लिपिक असत आणि अधिकारी आत बसे. आता लिपिकांची संख्या रोडावली, अधिकारीच खिडकीवर येऊन बसला, आणि भरतीचे नियम मात्र जुन्या बैठकीचेच राहिले. आपल्या वडिलांना मराठीत उत्तर मिळायला हवे होते, याबद्दल दुमत नाही. तो त्यांचा ग्राहक म्हणून हक्क आहे. पण आपण ज्यांच्यावर चिडलात त्या बाईंनी ती खिडकी मागून घेतलेली नव्हती. शाखेत मराठी जाणणारा एक माणूस पुढे बसवणे हे शाखाधिकाऱ्याचे काम होते.

माझी स्वतःची पहिली लांबची बदली १९८७ साली रायचूर जिल्ह्यात, सिंधनूरजवळच्या एका शाखेत झाली. तुंगभद्रेच्या कालव्याखालचा भाताचा मुलूख. पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी समोर येऊन "साल बेकु, साल बेकु" म्हणू लागला. 'बेकु' म्हणजे 'हवे' एवढे मी शिकून गेलो होतो, म्हणून त्याला कोणत्या तरी सालचा दाखला हवा असेल असे समजून मी जुन्या खतावण्या काढायला लावल्या. अर्ध्या तासाने शिपायाने हसू दाबत सांगितले, की कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज. त्यानंतर मी रोज संध्याकाळी त्या शिपायाकडून दहा शब्द लिहून घेऊ लागलो. हप्त्याला 'कंतु', अंगठ्याला 'हेब्बेट्टु', सही करा म्हणजे 'सही माडी'. वर्षभरात मी शेतावर पाहणीला एकटा जाऊ लागलो आणि वसुली सुधारली, हे मी अभिमानाने सांगतो, पण त्यात कन्नडवरचे प्रेम कमी आणि पोटाची निकड जास्त होती. तिथे हिंदी कोणालाच येत नव्हती.

पुढे माझी बदली बंगळुरूच्या छावणी भागात झाली आणि तीन वर्षांत माझी कन्नड जवळजवळ पुसली गेली. तोच मी, तेच राज्य. माणूस भाषा शिकतो तो बहुतेक वेळा अडतो म्हणून. आपण अकरा वर्षांत एकदाही अडला नाहीत, यात आपला दोष किती आणि त्या शहराच्या घडणीचा किती, याचा हिशेब जरूर करावा, मात्र डोंबिवलीच्या खिडकीचे प्रकरण त्यात मिसळू नये. जो पगार घेऊन लोकांची सेवा करतो त्याच्यावर भाषेचे जे बंधन आहे, ते संगणकासमोर बसून परदेशातल्या गिऱ्हाइकाचे काम करणाऱ्यावर नाही.

निपाणीकर यांचा प्रतिसाद

वरील काकांचे विवेचन पटले. पण चर्चा 'तिकडे कन्नड, इकडे मराठी' अशा सरळ रेषेवर जाऊ लागली की आमच्यासारख्यांना बाजूला उभे राहून ऐकावे लागते, म्हणून लिहितो.

धागाकर्ते बंगळुरूला गेले. आम्ही कुठेही गेलो नाही. १ नोव्हेंबर १९५६ च्या आदल्या दिवशी माझे आजोबा मुंबई राज्यात झोपले आणि सकाळी त्याच वाड्यात म्हैसूर राज्यात उठले. महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात अजून पडून आहे, त्याबद्दल इथे काही म्हणत नाही. रोजचे सांगतो. आमच्या शेताचा उतारा, ज्याला इकडे पहाणी म्हणतात, तो पूर्ण कन्नडमध्ये असतो. वडिलांचे शिक्षण मराठी शाळेत झाले; त्यांना स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येत नसे, आणि दरवेळी तो खिशात घालून कचेरीबाहेरच्या लेखनिकाकडे जावे लागे. क्षेत्राच्या आकड्यांवर बोट ठेवून "हे एवढं तरी बरोबर आहे ना" असे ते त्याला विचारत. कन्नडचे आकडेही वेगळे असतात, तेव्हा तेवढ्याचीही खात्री नसे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे राज्य पुनर्रचनेच्या वेळीच ठरले होते. आमच्या भागात मराठी माणसे १५ टक्क्यांच्या कितीतरी वर आहेत.

मी कन्नड शिकलो, चांगली शिकलो, आणि आज तालुक्याच्या कचेरीत जाऊन मी ताठ मानेने बोलतो. वडिलांनी शेवटपर्यंत शिकली नाही. त्यांच्या दृष्टीने ते शिकणे म्हणजे सह्या करून देणे होते. दोघांपैकी कोणी चूक होते असे मला वाटत नाही. म्हणून, स्वतःच्या पायाने गेलेल्या माणसाने तिथली भाषा शिकावी हे तत्त्व मला मान्य आहे. जो जागचा हललाच नाही त्याला ते लावू नये.

एक आठवण द्यावीशी वाटते. द. रा. बेंद्रे धारवाडचे, घरची भाषा मराठी, आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड कवी म्हणून मिळाले. आमच्या शाळेत मराठीच्या गुरुजींनी हे सांगितले तेव्हा वर्गातली निम्मी मुले खूश झाली आणि निम्मी नाराज झाली, आणि कोणती निम्मी का नाराज होती हे गुरुजींनाही सांगता आले नाही.

तिसरी पिढी, बडोदे यांचा प्रतिसाद

मराठी माणसाला अपराधी वाटून घेण्याची फार हौस आहे. आमच्या घरात तीन पिढ्या घरी मराठी आणि दुकानात गुजराती चालते, त्यावर कोणी कधी चर्चा केली नाही. शिकायची असेल तर शिकावी, नसेल तर शिकू नये. पण निदान 'हिंदी में बोलो' म्हणताना 'कृपया' तरी जोडावे. धागाकर्त्यांची खरी चूक तेवढीच आहे.

इझार काठची यांचा प्रतिसाद

मी गेली सहा वर्षे म्युनिकमध्ये आहे. इथे ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांच्या नोकरी-परवान्यावर, आलेल्या माणसाला जर्मन बी-१ या मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि केवळ ए-१ या सुरुवातीच्या पातळीइतपत येत असेल तर २७ महिने थांबावे लागते. माझ्या ओळखीतला एकही मराठी माणूस या नियमाला अरेरावी म्हणत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, स्वतःचे पैसे भरून, थंडीत रेल्वेने वर्गाला जाऊन सगळे नामांची लिंगे पाठ करतात. त्यातलेच काहीजण पूर्वी बंगळुरूत होते आणि रिक्षावाला कन्नडमध्ये बोलला म्हणून रागावत असत. मीही होते, हे कबूल करते.

तरी हा दाखला भारतात जसाच्या तसा लावता येणार नाही. इथे मी परदेशी आहे आणि राहू द्यावे म्हणून अर्ज करते. बंगळुरूत धागाकर्ते नागरिक आहेत. देशात कुठेही फिरण्याचा आणि राहण्याचा हक्क त्यांना संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे आणि त्याला भाषेच्या परीक्षेची अट नाही. डोंबिवलीतल्या बाईंनाही तोच हक्क आहे. सक्तीचा मार्ग बंद आहे तो त्यामुळे, आणि तो बंद आहे हे मला बरेच वाटते. दुकानदाराच्या कानाखाली मारून त्याला मराठी येत नाही.

मला खटकते ती दुसरीच गोष्ट. मुंबईत नवखा माणूस मोडकीतोडकी मराठी बोलू लागला की आपण लगेच हिंदीत उत्तर देतो. माझ्या जर्मन शिक्षिकेने पहिल्या दिवशी सांगितले होते, की समोरचा इंग्रजीत वळला तरी तुम्ही वळू नका. आपल्याकडे वळतो तो घरचाच माणूस. माझी आई दादरच्या भाजीवाल्याशी वीस वर्षे हिंदीत बोलत होती. तो साताऱ्याचा निघाला.

मुक्काम बेळंदूर

सर्वांचे आभार. काकांनी केलेला भेद मला मान्य आहे आणि त्यामुळे त्या बाईंबद्दलचा राग गेला. शाखाधिकाऱ्यांना वडिलांच्या नावाने रीतसर पत्र लिहिले आहे, मराठीत. निपाणीकरांनी जे लिहिले ते माझ्या ध्यानातच आले नव्हते. मी अकरा वर्षे निपाणीजवळचा कोगनोळीचा नाका ओलांडतो आहे, बहुतेक वेळा झोपेत. बडोदेकरांनी 'कृपया'ची सूचना केली, तीही स्वीकारली. 'कानडा' विठ्ठलाचा दाखला कोणी दिला नाही याचेही आभार, कारण आमच्या गटात तो दर आषाढीला दिला जातो आणि त्याने कोणाला कन्नड आलेली मला आढळली नाही.

लिपीपासून सुरुवात केली आहे. बसच्या पाटीवरची अक्षरे जुळवताना लक्षात आले, की त्यांची अर्धी भाषा ओळखीची निघते: तुपाला 'तुप्प', सुपारीला 'अडके', जी आपल्या अडकित्त्यात अजून शाबूत आहे. सुट्या पैशांना तर 'चिल्लरे'च म्हणतात.

परवा मुद्दाम कार्यालयाची गाडी सोडून बसने गेलो. तिकीट अठरा रुपयांचे, माझ्याकडे शंभराची नोट. वाहकाने "चिल्लरे कोडी" म्हटले. मी आदल्या रात्री आरशासमोर घोकलेले वाक्य म्हणालो, की चिल्लर नाही, उतरताना द्या: "चिल्लरे इल्ला, इळीयोवाग कोडी." त्याने माझ्याकडे नीट पाहिले, तिकिटाच्या मागे पेनाने ८२ लिहिले आणि म्हणाला, "ठीक है साब, उतरते टाइम ले लेना."