1958 ची गाडी, दोन साधे रंग: लॅकर, सिंगल स्टेज की बेसकोट-क्लिअर?

मरून_मडगार्ड:
वर क्रीम, खाली मरून, मेटॅलिक काही नाही. दारं आणि मडगार्ड उघड्या पत्र्यापर्यंत घासून झाले आहेत. छतावर मात्र जुन्या रंगाचे दोन-तीन थर आहेत, त्यातला एक मरून दिसतो. गाडी नियमित चालवायची आहे. जुन्या गाड्यांची ती मऊ, खोल चमक हवी. कोणतं फिनिश घ्यावं? आणि छतावरचा रंग ठेवून वरून क्रीम मारता येईल का?

स्प्रेगन१४:
साधे रंग आणि रोजचा वापर असेल तर टू-के (हार्डनर, म्हणजे थर पक्का करणारं रसायन, मिसळून मारायचा रंग) सिंगल स्टेज. रंग आणि चमक एकाच थरात असतात, म्हणून बेसकोट-क्लिअरसारखं (खाली रंग, वर वेगळा पारदर्शक थर) वर काच बसवल्यासारखं दिसत नाही. पेट्रोलचे थेंब पडले तरी थर विरघळत नाही. मेटॅलिक असता तर बेसकोट-क्लिअरच सांगितलं असतं, कारण सिंगल स्टेज मेटॅलिक घासलं की वरचे अ‍ॅल्युमिनियमचे कण उघडे पडून डाग दिसतात.

1.3 किंवा 1.4 मिमी नोझल, दोन ते तीन कोट, मध्ये साधारण 10-15 मिनिटं. हार्डनरचं प्रमाण त्या रंगाच्या माहितीपत्रकातलंच घ्या, बहुधा 2:1 किंवा 4:1 असतं. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवू नका, थर ठिसूळ होतो.

त्या काळच्या मूळ इनॅमल रंगाला कारखान्यातूनच थोडी ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा उंचसखलपणा) असायची. सगळी गाडी आरशासारखी सपाट घासली की तो जुनेपणा जातो. ओघळ आणि धुळीचे कण तेवढे 1500-2000 च्या वॉटर पेपरने काढा, मग कंपाउंडने (घासून चमक आणणारी पेस्ट) पॉलिश.

जुनं_लॅकर:
मूळ रंग लॅकर (थिनर उडून नुसता सुकणारा रंग) असेल आणि गाडी अस्सलपणावर जोखली जाणार असेल, तर मी लॅकरच म्हणेन. नवा कोट खालच्या कोटात विरघळून मिसळतो, त्यामुळे टचअपची कड दिसत नाही. पण थर पातळ बसतो, सहा-आठ कोट लागतात. थिनर आतून आठवडेच्या आठवडे निघत राहतं. घाईने पॉलिश केलं तर थर आक्रसून खालचे पेपरचे ओरखडे वर येतात. दमट हवेत पांढुरकी झाक धरते, तिथे सावकाश उडणारं थिनर हवं. उन्हापावसात उभ्या राहणाऱ्या गाडीला नको.

प्रायमर_आधी:
फिनिशपेक्षा मोठा प्रश्न छताचा आहे. कोपऱ्यावर लॅकर थिनरचा बोळा घासून बघा. रंग सहज विरघळून बोळ्यावर आला तर लॅकर, फुगून सुरकुतला तर इनॅमल, काहीच झालं नाही तर पक्कं झालेलं टू-के. पहिल्या दोन प्रकारांत किंवा बारीक तडे असतील तर सगळं पत्र्यापर्यंत काढा. वरून कितीही चांगला रंग मारला तरी तेच तडे पुन्हा वर येतात. जुना मरून तर फार धोक्याचा: त्यातले काही रंगद्रव्य नव्या थिनरमध्ये विरघळून क्रीममध्ये गुलाबी झाक आणतं.

त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. घासण्याआधी ग्रीस-रिमूव्हरने पुसा, नाहीतर जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन पेपरबरोबर सगळीकडे पसरतं आणि रंगात फिशआय (बारीक गोल खड्डे) पडतात. उघड्या पत्र्यावर गंज धरायच्या आत इपॉक्सी प्रायमर मारा. अ‍ॅसिडवाला एच (etch, पत्र्याला चरून पकड घेणारा) प्रायमर मारला असेल तर त्यावर थेट पॉलिस्टर पुट्टी नको, ती नीट पक्की होत नाही.

क्रीम आधी मारा. ते पूर्ण सुकल्यावर बारीक टेप लावून मरून, आणि मरून ओलसर असतानाच टेप काढा, म्हणजे कडेला पायरी राहत नाही.

मरून_मडगार्ड:
छत पूर्ण काढतो, आणि टू-के सिंगल स्टेज ठरलं. साधा कार्ट्रिजचा मास्क चालेल का?

स्प्रेगन१४:
त्यावर भिस्त ठेवू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट नाकाला जाणवत नाही, त्यामुळे कार्ट्रिज संपल्याचं कळतच नाही, आणि एकदा अ‍ॅलर्जी जडली की कायमचा दमा होऊ शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क, हातमोजे, पूर्ण अंगाचा सूट हवा. ते जमत नसेल तर प्रायमरपर्यंतची घासाई स्वतः करा आणि हार्डनरवाले सगळे कोट बूथ (रंग मारायची बंदिस्त खोली) असलेल्या रंगाऱ्याकडून मारून घ्या. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये सहसा आयसोसायनेट नसतं, तरी डब्यावरचा इशारा वाचूनच काम सुरू करा.