तीन महिन्यांत दहा किलो मसल? नवख्याने अपेक्षा किती धरावी

अंगणातला_पिंपळ

भाच्याने नवी जिम लावलीय. दारात फलक आहे: '९० दिवसांत १० किलो मसल, नाहीतर पैसे परत.' पोरगं हरखलंय. दिवाळीच्या आत शर्टाच्या बाह्या उसवल्या पाहिजेत म्हणतो. मी त्याला जे सांगितलं त्यावरून घरात जुंपली, म्हणून इथे धागा काढतोय.

नीट खाणारा, झोपणारा, आठवड्यातून तीन-चारदा इमानाने वजन उचलणारा नवखा पुरुष पहिल्या काही महिन्यांत महिन्याला साधारण अर्धा ते एक किलो स्नायू कमावतो. पुढे वेग मंदावतो. वर्षाअखेर पाच-सात किलो पदरात पडले तर गंगेत घोडं न्हालं म्हणायचं. बाईमाणसाला याच्या निम्मे. सुरुवातीच्या आठवड्यांत बारवरचं वजन भराभर चढतं, पण ते मुख्यतः नसा स्नायूंना कामाला लावायला शिकतात म्हणून. दंड तेवढाच असतो. आणि पहिल्या महिन्यात काटा दोन किलो पुढे सरकला तर पेढे वाटू नका. स्नायूंत साठणाऱ्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी येतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल तर किलो-दीड किलो पाणी वेगळंच.

हे आधी कळलं की पोरगं तिसऱ्या महिन्यात आरशावर चिडत नाही आणि ट्रेनरच्या हातातल्या इंजेक्शनकडे बघत नाही. बोला.

डेडलिफ्टदादा

आकडे ठीक आहेत, पण सल्ला साफ चुकलाय. 'बेताने, हळूहळू होईल' असं ऐकलेली पोरं रोज बघतो. सहा महिने तेच पाच किलोचे डंबेल्स, सेट संपला की मोबाइल, घाम शून्य. विचारलं की म्हणतात, वेळ लागतो ना! अहो, आयुष्यात सगळ्यात वेगाने वाढायचं जे पहिलं वर्ष, ते तुम्ही 'वास्तववादी अपेक्षा' नावाच्या गादीवर झोपवून घालवताय.

दुसरं म्हणजे डबा. परवा एकाचा उघडून बघितला: दोन पोळ्या, भेंडी, वाटीभर वरण, भात. सगळं मिळून प्रोटीन पंधरा ग्रॅमच्या आसपास. पोरगा साठ किलोचा. स्नायू वाढवायला दिवसाला किलोमागे १.६ ग्रॅम धरतात, म्हणजे याला ९६ हवेत. २०१८ साली ४९ अभ्यास एकत्र करून आलेला आकडा आहे, माझ्या मनचा नाही. तीन वेळा हेच जेवण जेवला तरी पन्नाशी गाठत नाही. त्याला अपेक्षा कमी कर म्हणून सांगू की पन्नास ग्रॅम सोया चंक्स आणि दोन अंडी वाढव म्हणून? चंक्सचे पंचवीस, अंड्यांचे बारा. भूक मोठी ठेवा, स्वप्नंही मोठी ठेवा.

अंगणातला_पिंपळ

डब्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण मोठी स्वप्नं किती मोठी? १९९६ सालचा एक गाजलेला प्रयोग आहे, शलेंदर भसीन आणि सहकाऱ्यांचा. वजन उचलायची सवय असलेल्या पुरुषांचे गट पाडून दहा आठवडे काहींना दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, टोचलं, काहींना नुसतंच खोटं इंजेक्शन. खोटं इंजेक्शन घेऊन व्यायाम करणाऱ्यांचं चरबी सोडून बाकी वजन दोनेक किलो वाढलं. औषध घेऊन व्यायाम न करणाऱ्यांचं तीन किलोच्या वर. औषध आणि व्यायाम दोन्ही, तर सहा किलो.

आता तो फलक पुन्हा वाचा. औषध टोचूनसुद्धा जे दहा आठवड्यांत झालं नाही, ते तेरा आठवड्यांत नुसत्या घामावर करून देणार म्हणतात. आणि घरी बसून टोचून घेणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला, हे ज्या पोराला माहीत नाही, तो इन्स्टावरच्या कुणाशीही स्वतःची तुलना करत बसतो.

रंकाळ्याकाठचा

आमच्याकडं तालमीत नवीन पोरगं आलं की पहिलं काम माती उकरायचं. मग जोर, बैठका. ग्रॅम न् किलो कोण विचारत नाही. 'वस्ताद, किती महिन्यांत होईल' असं विचारलं असतं तर शंभर बैठका जास्त बसल्या असत्या. अपेक्षाच नाही, त्यामुळं अपेक्षाभंग पण नाही. थंडाई प्या, झोपा, पहाटे उठा. तुमचं जिमवालं सगळं पी हळद अन् हो गोरी.

डेडलिफ्टदादा

राव, तालमीतल्या पोराला घरून दूध-तूप-बदाम येतात आणि दुपारी झोपायला मिळतं. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास उभं राहून रात्री नऊला जिममध्ये येणाऱ्याला थंडाईचा काय उपयोग?

रंकाळ्याकाठचा

मग त्यानं तर अपेक्षा आणखीच कमी ठेवाय पायजे. म्हणजे पिंपळरावांचंच खरं की.

सांजवेळ

'बाईमाणसाला निम्मे' म्हणून एका ओळीत उरकलंत. किलोमध्ये निम्मे, मान्य. पण स्वतःच्या आधीच्या स्नायूंच्या टक्केवारीत मोजलंत तर वाढ जवळजवळ पुरुषांइतकीच होते. तेव्हा आम्हाला दीड किलोचे गुलाबी डंबेल्स देणं बंद करा.

मुळात तुम्ही दोघं काट्याला का चिकटलाय? पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून तसा नसतो. आपल्यातली बरीच नवखी मंडळी याच गटातली. त्यांची चरबी उतरते, स्नायू चढतो आणि काटा ढिम्म. वर्षभर मेहनत करून 'एकच किलो वाढलं' म्हणून रडतात. कमरेची टेप आणि वहीत लिहिलेलं बारवरचं वजन, एवढंच बघा.

डेडलिफ्टदादा

वहीला माझा पाठिंबा. पण पिंपळराव, तुमच्या सरासरीवर शेवटचा दगड टाकतो. २००५ सालच्या एका अभ्यासात ५८५ जणांनी बारा आठवडे एकाच हाताचा व्यायाम केला. कुणाचा बायसेप जराही वाढला नाही, कुणाचा ५९ टक्के वाढला. व्यायाम तोच! मग भाच्याला अर्धा किलो सांगणारे तुम्ही कोण? कुणी सांगावं, तो ५९वाला असेल.

अंगणातला_पिंपळ

असेल, आणि शून्यवालाही असेल. दोन्हीकडचे फार थोडे, मधे गर्दी. सरासरी मी भाच्याचं भविष्य सांगायला वापरतच नाही, फलक लावणाऱ्याचं थोतांड पकडायला वापरतो.

बाकी काल जाऊन 'पैसे परत'च्या अटी वाचून आलो. ९० दिवसांत एकही खाडा नाही, रविवार धरून. प्रोटीनचा डबा त्यांच्याच काउंटरवरून घ्यायचा. आणि दहा किलो मोजायचे ते साध्या वजनकाट्यावर, कपड्यांसकट!

डेडलिफ्टदादा

रविवार धरून? मग स्नायू भरून कधी यायचा? त्या जिमबद्दलचं माझं मत आत्ताच बदललं, तुमच्या सल्ल्याबद्दलचं नाही. भाच्याला माझ्याकडे पाठवा. आणि तो सध्या स्क्वॉट किती मारतो, ते आधी सांगा.

अंगणातला_पिंपळ

रिकामा बार. वीस किलो. गुडघे आत येतात.