मदत हवी आहे: गुरू सिंह राशीत नक्की कधी जातो? तीन ठिकाणी तीन तारखा

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये आठवीला विज्ञान शिकवते. आमच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी 'सिंहस्थ आणि गुरू ग्रह' हा विषय घेतलाय. शहरात जिकडेतिकडे कुंभमेळ्याची कामं चाललेली, त्यामुळे विषय त्यांना आपसूक सुचला. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण तक्ता करायला बसलो आणि अडलो.

एका इंग्रजी संकेतस्थळावर गुरूचा सिंहप्रवेश ३० जून २०२६ ला दाखवलाय. पंचांगात ३१ ऑक्टोबर २०२६, आणि रामकुंडावरचं ध्वजारोहणही त्याच दिवशी. एका मुलाने मोबाइलवर आकाशाचं अ‍ॅप उघडून तारीख पुढे सरकवली, तर त्यात गुरू सप्टेंबरच्या उत्तरार्धातच सिंहेत शिरतो! भरीला पंचांग म्हणतं की जानेवारीअखेर तो परत कर्केत जाणार आणि जूनमध्ये पुन्हा सिंहेत येणार. आणि मागचा सिंहस्थ जुलै २०१५ चा. मग बारा वर्षांचा हिशोब कुठे गेला?

यातलं खरं काय? आठवीतल्या मुलांना कळेल असं कुणी सांगेल का? फलज्योतिषाची चर्चा नको आहे, कृपया.

सिडकोवाला

पंचांग बरोबर. एवढा खल कशाला?

निरयन

ताई, तिन्ही तारखा बरोबर आहेत. तिघेजण तीन वेगळ्या गोष्टींना सिंह म्हणतात, एवढंच.

सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशातल्या ज्या पट्ट्यातून फिरतात, त्याचे ३० अंशांचे बारा सारखे भाग म्हणजे राशी. वाद फक्त मोजायला सुरुवात कुठून करायची याचा. पाश्चात्त्य, म्हणजे सायन, पद्धत वसंतसंपातापासून मोजते. २१ मार्चच्या सुमारास सूर्य असतो तो हा बिंदू. हा बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत स्थिर नाही. पृथ्वीचा आस सुमारे २५,८०० वर्षांत एक घिरटी घेतो, त्यामुळे संपात दर ७२ वर्षांना साधारण एक अंश मागे सरकतो. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून चालणारं. त्याचा आरंभबिंदू चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोर. इसवी सन २८५ च्या सुमारास दोन्ही आरंभ एकाच जागी होते, आज त्यांच्यात सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. गुरू २०२६ च्या या महिन्यांत दिवसाला सरासरी एक पंचमांश अंश सरकतो, म्हणजे २४ अंशांना चार महिने. ३० जून ते ३१ ऑक्टोबर. मुलांकडूनच हे गणित करून घ्या, मजा येईल.

अ‍ॅपचं प्रकरण वेगळं. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने सगळं आकाश ८८ तारकासमूहांत वाटून दिलंय आणि त्यांच्या सीमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाल्या. हे तुकडे समान नाहीत. सूर्य कन्येत ४४ दिवस रेंगाळतो आणि वृश्चिकेतून आठवड्याभरात बाहेर पडतो. मध्ये भुजंगधारी नावाचा तेरावा समूहही लागतो, ज्याला राशींमध्ये जागाच नाही. या नकाशातला सिंह पंचांगातल्या सिंहेच्या सहाएक अंश आधी सुरू होतो, म्हणून अ‍ॅपवाल्या मुलाची तारीख मधली.

गोदाकाठची

वा! हे डोक्यात बसलं. आणि मागे फिरण्याचं काय?

निरयन

गुरू मागे फिरत नाही, आपण पुढे निघून जातो. पृथ्वी सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर धावते, गुरू १३. साधारण दर तेरा महिन्यांनी आपण त्याला आतल्या बाजूने गाठतो आणि मागे टाकतो. घाटात बाजूच्या ट्रकला मागे टाकताना तो समोरच्या डोंगराच्या तुलनेत उलटा सरकताना दिसतो ना, तसंच; इथे डोंगराच्या जागी तारे. हा वक्री काळ सुमारे चार महिन्यांचा असतो.

आता बारा वर्षांचा हिशोब. मला यातला हाच भाग सगळ्यात आवडतो, आणि तक्त्यावर मुख्य जागा याला द्यावी असं माझं मत. गुरूची फेरी बारा वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे. म्हणजे बारा वर्षांनी तो फेरी संपवून चार अंश पुढे सरकलेला असतो. परिणाम तारखांत दिसतो. २००३ मध्ये सिंहस्थ जुलैअखेरीस लागला, २०१५ मध्ये १४ जुलैला, आणि आता २०२७ मध्ये गुरू २६ जूनच्या सुमारास सिंहेत परततोय. दर खेपेला दोन-अडीच आठवडे अलीकडे.

मग ऑक्टोबर कुठून आला? २०१४ च्या डिसेंबरात गुरू कर्केच्या शेवटाला येऊन वक्री झाला, सिंहेत शिरलाच नाही. या वेळी ते चार अंश हाती असल्याने तो वक्री होण्याआधी सिंहेत जेमतेम शिरून परत फिरतोय. त्या पहिल्या प्रवेशाला ध्वजारोहण धरलंय. पुढे तो कन्येत जाऊन वक्री होऊन पुन्हा सिंहेत येतो आणि जुलै २०२८ मध्ये कायमचा निघतो, म्हणून हा सिंहस्थ इतका लांबलाय. असाच फरक साठत गेला की अधूनमधून बाराऐवजी अकरा वर्षांनी कुंभ येतो.

दुर्बीणवाला

मुलांना तक्त्याइतकाच गुरूही दाखवा. ऑक्टोबरअखेर तो मध्यरात्रीनंतर पूर्वेला उगवेल, मघा ताऱ्याच्या जरा आधी. पहाटे पाचला गच्चीवरूनही सहज ओळखता येतो, न लुकलुकणारा टपोरा ठिपका. नोव्हेंबरच्या मध्यात तांबूस मंगळ त्याच्या अगदी जवळून जातो, तेव्हा तर शोधावंही लागणार नाही. फेब्रुवारी २०२७ मध्ये तो सूर्याच्या बरोबर समोर असेल, म्हणजे संध्याकाळी उगवून रात्रभर. शाळेच्या सहलीला तीच वेळ उत्तम: हवा कोरडी, थंडीही सोसवणारी. अंजनेरीच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेड मागे राहतो. १० बाय ५० ची साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) विटेवर किंवा तिपाईवर टेकवून धरली तर त्याचे चार मोठे चंद्र दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले तेच. रोज रात्री त्यांच्या जागा वहीत काढायला लावा. आठवडाभरात मुलं स्वतःच सांगतील की हे गुरूभोवती फिरताहेत. शिवाय तारांगणाचा एखादा खेळ दाखवून आणाच.

गोदाकाठची

दादा, अमृतस्नानाच्या दिवशी दिसेल का हो गुरू? मुलांचा हाच प्रश्न आहे.

दुर्बीणवाला

नाही, आणि कारण मुलांनाच शोधायला सांगा. मुख्य पर्वणी सूर्यही सिंहेत आल्यावर, अमावास्येला असते. गुरू, सूर्य, चंद्र तिघेही आकाशाच्या एकाच भागात. ३१ ऑगस्ट २०२७ च्या पर्वणीला तर गुरू जवळजवळ सूर्याच्या मागेच आहे. ज्याच्यामुळे मेळा भरतो तो ग्रह ऐन मेळ्यात कुणालाच दिसत नाही!

त्याआधीच्या, २ ऑगस्टच्या अमावास्येला मात्र वेगळाच योग आहे. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास, तेही आषाढातल्या ढगांनी फट ठेवली तर. ग्रहणाचे चष्मे वेळेवर मिळत नाहीत, आधीच मागवून ठेवा, आणि गर्दीत एकाही मुलाने उघड्या डोळ्यांनी वर बघता कामा नये.

सिडकोवाला

चष्मे शाळेला मिळाले तर माझ्या पोरासाठीही एक सांगा ताई, तोही आठवीलाच आहे.