अनुभव धागा : परीचं दार घरी करताना… लाकूड, रंग आणि आपला पावसाळा

माहुलीकर
परवा वखारीत एका पाडलेल्या वाड्याचं सागवान उतरत होतं. मोठ्या दरवाज्यातली दिंडी, म्हणजे आत बसवलेलं छोटं दार, अजून शाबूत होती, कडी-कोयंड्यासकट. ती बघून वाटलं, भिंतीच्या तळाशी लावायचं परीचं दार (परी ये-जा करते असं समजून लावलेलं शोभेचं इवलंसं दार) आपण दरवेळी विलायती गोल कमानीचंच का करतो? दिंडी तर आयती आहे. बुटकी, जाड फळ्यांची, वर गणेशपट्टी, खाली उंबरठा.

माप देतो. आइस्क्रीमची जंबो काडी १५० मिमी लांब, १८ मिमी रुंद असते. दोन्ही गोल टोकं कापली की १३० मिमी उरते. अशा पाच शेजारी-शेजारी लावल्या की ९० बाय १३० ची झडप. दोन्ही बाजूंना १५ मिमीच्या चौकटपट्ट्या, वर १५ ची गणेशपट्टी, खाली १० चा उंबरठा. म्हणजे पाठीमागचं ४ मिमी प्लाय १२० बाय १५५ मिमी. काडी मोडू नका, उभी चिरते. दोन्ही अंगांनी कटरने रेघ पाडा, मगच दाबा.

घासायला आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्या, लाकडाचे रेषे उभे राहतात, ते २२० ने उतरवा. हे टाळलं तर पहिल्याच हाताला (थराला) रंग खरखरीत होतो आणि लोक ब्रशला दोष देतात.

आता तुम्ही लिहा. पावसाळ्यात काय काय बिघडतं ते जरूर लिहा.

रंधा_पटाशी
दादा, एक राहिलं. रंग सुटा द्यायचा, जोडणी नंतर. चौकट चिकटवून मग रंगवायला गेलं की फटीत रंग साचतो, झडपेवर चौकटीचा रंग येतो. मात्र जिथं फेविकॉल लागणार तिथं मास्किंग टेप लावून लाकूड कोरं ठेवा. रंगावर फेविकॉल लावला तर तो रंगाला धरतो, लाकडाला नाही. चिमटीत धरून ओढलं की रंगाच्या पापुद्र्यासकट पट्टी हातात.

आणि प्लायची पाठ. पाठीला कोणी हात लावत नाही, सगळा घोळ तिथंच होतो. पुढून प्रायमर (रंगाआधीचं अस्तर), दोन हात रंग, वर वॉर्निश. मागून कोरं. सातारच्या जुलैत मागची बाजू ओल पिते, फुगते, पुढची जागची हलत नाही. मग कडा पुढं येतात, मध्य आत जातो आणि दार भिंतीवर डुगडुगायला लागतं. सहाच्या सहा बाजू बंद करा. पाठ, माथा, तळ, सगळ्यांना प्रायमरचा एक हात तरी पाहिजेच.

कण्हेरी
सहा बाजू!! हेच शोधत होते. धन्यवाद रंधादादा 🙏 भाजी करपतेय, नंतर येते.

पाचगणी_धुकं
स्प्रे वॉर्निशबद्दल. आमच्याकडं जून ते सप्टेंबर मारूच नये असं माझं मत. हवेत दमटपणा जास्त असला की स्प्रेतलं लॅकर (वॉर्निशच) वाळताना ओल धरतं आणि वरती दुधाळ झाक येते. काळ्या, निळ्या दारावर तर लगेच दिसते. मारायचंच असेल तर कोरड्या दुपारी, डबा कोमट पाण्यात नव्हे नुसता खोलीत ठेवून, एक फुटावरून, पातळ थर. नाहीतर सरळ पाण्याचं अ‍ॅक्रेलिक वॉर्निश ब्रशने. पांढऱ्या, आकाशी दाराला तेलाचं वॉर्निश नकोच, काही महिन्यांत पिवळट पडतं.

अ‍ॅक्रेलिक रंगाच्या दोन हातांत एरवी तासाभराचं अंतर पुरतं. इथल्या धुक्यात तीन तास धरा. बोटाला गार लागलं तर वाळलेलं नाही.

हळदीचं_पेव
सांगलीकर असल्यावर हळद आलीच 😀 रंगाऐवजी हळदीच्या पाण्यात लाकूड भिजवलं तर मस्त सोनेरी येतं का? कुणी केलंय?

मिरज_जंक्शन
@हळदीचं_पेव, करू नका ताई. एक तर हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतो. उतरला तरी उन्हात टिकत नाही, खिडकीसमोर ठेवलं की उडतो. आणि तिसरी गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, हळदीला चुना लागला की कुंकू. चुन्याच्या भिंतीला टेकवलेलं ओलसर दार कडेनं लाल पडणार. साबणाच्या फडक्यानं पुसलं तरी तेच.

सोनेरीच पाहिजे तर चपडा. सतार-तंबोऱ्याला चढवतात तसलं लाखेचं पॉलिश. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायचा, गाळायचा, सुती चिंधीच्या बोळ्यानं पातळ-पातळ पाच-सहा हात. दोन हातांत अर्धा तास पुरे, वास गेला की पुढचा हात. पण घरातच. पाणी साठून राहिलं की पांढरा डाग येतो.

लाकडाचं म्हणाल तर आमच्या मिरजेत वाद्यं तून लाकडाची होतात. तूनचा तुकडा मिळाला तर सोडू नका. हलका, कापायला मऊ, रेषा लालसर देखण्या. तसल्या लाकडावर रंग चढवणं म्हणजे अन्याय, नुसतं पॉलिश.

माहुलीकर
सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ना? त्याच लाकडाचं दार, वा.

मिरज_जंक्शन
हो, दोन्हींना मिळालं. उशिरा का होईना. त्यावर वेगळा धागा काढा, इथं लिहायला बसलो तर परी बाजूला राहील.

उंबरठा
उघडणारं दार कुणी करतंय का? मोबाइलवरून लिहितेय, तुटक वाटेल.

बिजागरी १० किंवा १२ मिमीची पितळी. स्क्रू इतके बारीक की सरळ फिरवले तर पट्टी चिरते. आधी १ मिमीच्या ड्रिलनं भोक, हातानं फिरवायचं. ड्रिल नसेल तर सेफ्टी पिनचं टोक दोन बोटांत गरागरा फिरवा, भोक पडतं. स्क्रूला मेणबत्तीवर घासून घ्या.

झडप आणि चौकट यांत फट दीड मिमी. एक मिमी उन्हाळ्यात पुरतं, पावसात नाही. लाकूड लांबीत फुगत नाही, रुंदीत फुगतं. ९० मिमीला मिलिमीटरभर सहज. वर रंगाचे दोन हात आणि वॉर्निश दोन्ही कडांना, ते वेगळंच. अडकलं म्हणून पावसात कड घासू नका, डिसेंबरात तिथून उजेड दिसतो.

कडीला ६ मिमीची दागिन्यांची कडी, कोयंडा वाकवलेल्या स्टेपलर पिनेचा. मूठ म्हणून रंगीत टाचणीचं डोकं. लहान मूल घरात असेल तर टाचणी, मणी काही नको, एम-सीलचीच (दोन भाग मळून घट्ट होणाऱ्या लांबीची) मूठ करा. सुटे मणी तोंडात जातात.

कण्हेरी
आले परत. वाड्याच्या दारावर लोखंडी खिळ्यांची डोकी असतात ती कशी करायची? मोहरी चिकटवली तर?

उंबरठा
मोहरी नको गं. ओल लागली की फुगते, वेळ आली तर मोडही येतो. एम-सीलच्या गोळ्या कर. दोन्ही भाग सारखे मळून दोऱ्यासारखी वळी, २ मिमीचे तुकडे, ओल्या बोटानं गोल. जागेवर ठेवून चपट्या काडीनं हलकं दाबायचं. मळल्यावर अर्ध्या तासात घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं-थोडं घे. एका दाराला तीन ओळी, ओळीत पाच, म्हणजे पंधरा पुरेत. वाळल्यावर काळा रंग आणि वर कोरड्या ब्रशनं किंचित चंदेरी. खरं लोखंड वाटतं.

रंधा_पटाशी
कोरड्या ब्रशचं सविस्तर सांगतो, कारण जुनं दार दिसणं यावरच ठरतं. आधी गडद तपकिरी पूर्ण. वाळला की फिकट रंग, मातकट किंवा राखाडी, ब्रशच्या टोकाला घ्या आणि जुन्या कपड्यावर पुसा. पुसून पुसून काहीच येत नाही असं वाटलं की मग दारावर. उंचवट्यावरच लागतो, खळग्यात गडद राहतो. घाई केली, ब्रश ओला राहिला, की पट्टे उमटतात आणि पुन्हा गडद हात द्यावा लागतो.

तडे गेलेला रंग हवा असेल तर खालचा रंग पूर्ण वाळवा, वर फेविकॉलचा सलग थर. बोट टेकवलं तर चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, इतपत तो आला की वरचा अ‍ॅक्रेलिक एकाच ओढीत. त्याच जागी दुसऱ्यांदा ब्रश फिरवला तर तडे बुजतात. फेविकॉल पार वाळला तर तडे येत नाहीत, फार ओला असेल तर रंग त्यात मिसळून चिखल होतो. आधी टाकाऊ तुकड्यावर वेळ बघून घ्या, प्रत्येक ऋतूत वेगळी येते.

वाईचा_घाट
गोल कमानीवाल्यांसाठी दोन ओळी. कमानीची पट्टी कापण्यापेक्षा वाकवा. जंबो काडी अर्धा तास उकळा, गरम असतानाच पेल्याभोवती हळूहळू वळवा, रबर लावून रात्रभर ठेवा. सोडल्यावर थोडी उलगडते, म्हणून पाहिजे त्याहून लहान पेला. गाठ असलेली काडी आधीच बाजूला काढा, तिथंच मोडते.

एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) कापणार असाल तर तोंडाला मास्क. आणि त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, दोन हात, मग घासा, मग रंग.

हळदीचं_पेव
हळदीचा नाद सोडला 😄 आता भिंतीचं सांगा. दुहेरी चिकटपट्टीनं दोन दिवसांत पडतं.

वाईचा_घाट
डिस्टेंपर किंवा चुना असेल तर पट्टी रंगाला धरते, रंग भिंतीला धरत नाही. पावडर हाताला लागते का बघा. लागत असेल तर पट्टी विसरा, छोटा खिळा आणि मागे दोऱ्याची कडी.

दुसरं कारण स्कर्टिंग. आपल्या फरशीची स्कर्टिंग चारेक इंच उंच आणि ८-१० मिमी पुढं असते. दार त्यावर टेकतं, वरचा भाग अधांतरी राहतो, पट्टीला पकडायला जागाच नसते. वरच्या भागामागं तेवढ्याच जाडीचा लाकडी ठोकळा चिकटवा, म्हणजे दार सरळ बसतं. स्कर्टिंगला तेल-धूळ असते, ती आधी स्पिरिटनं पुसा.

पाचगणी_धुकं
बागेत ठेवणाऱ्यांनो, साधा फेविकॉल पाण्याला टिकत नाही, मरीनवाला घ्या. दार मातीत रोवू नका. लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातून, आणि खालचं टोक तेच असतं. शहाबादी फरशीचा तुकडा खाली, जमिनीपासून बोटभर वर. वाळवीचाही धोका कमी होतो. लाल, गुलाबी रंग उन्हात आधी उडतो, बाहेरच्या दाराला मातीचे रंग बरे.

झाडाला खिळा मारायचा नाही. कधीच नाही. मागे बांबूची कामटी लावून बुंध्याशी टेकवून रोवा.

कण्हेरी
अजिंक्यताऱ्यावर जाताना झाडाखाली एक ठेवलं तर मुलं किती खूश होतील!

पाचगणी_धुकं
घराच्या अंगणात ठेवा, ताई. गडावर, कासला नको. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथं रंगाचे पापुद्रे आणि चमकी मातीत जाणं बरं नाही. चमकी तर कुठल्याच दाराला लावू नये असं मी म्हणेन.

मिरज_जंक्शन
अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर गावात २००५ पासून दुकानांच्या भिंतींच्या तळाशी अशी दारं दिसायला लागली. तिथली खासियत म्हणजे काही दारं त्या दुकानाच्याच दर्शनी दाराची लहान प्रत असतात. माहुलीकर, तुमची दिंडीची कल्पना त्याच जातीची. आपल्या घराच्या दाराचं पिल्लू.

माहुलीकर
"दाराचं पिल्लू" फार आवडलं.

एक महत्त्वाचं राहतंय. माळ्यावरचे जुने ऑइल पेंटचे डबे या कामाला काढू नका. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यात काय आहे सांगता येत नाही, आणि ही दारं मुलांच्या हाताच्या उंचीवरच असतात. जुन्या वाड्याचं रंगवलेलं लाकूड मिळालं तर तेही कोरडं घासू नका. रंग नसलेली बाजू वापरा.

उंबरठा
@कण्हेरी, गणेशपट्टीवर गणपती कोरायच्या भानगडीत पडू नकोस, १५ मिमीत नाक-डोळे येत नाहीत. मधोमध एम-सीलची एक गोळी, दोन्ही बाजूंना वेलीची एकेक रेघ थ्रीडी आउटलायनरनं (उठावदार रेघ काढायची रंगाची ट्यूब). लांबून बरोबर तेच वाटतं. उंबरठ्यावर रांगोळी पांढऱ्या रंगात बुडवलेल्या टूथपिकनं, ठिपके आधी, रेघा नंतर.

कण्हेरी
काड्यांचं पाकीट आणलं. ५० पैकी ११ वाकड्या निघाल्या, त्या कमानीला ठेवते. प्रायमर उद्या. आधी पाठीला!